वऱ्हाडीतील ‘राहणे’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या ‘घाटावरचा भाग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पठारावर, मेहकर आणि लोणार यांच्या दरम्यान वसलेले असून, जालना जिल्ह्याची सीमा जवळ असल्यामुळे या परिसराच्या बोलीत वऱ्हाड आणि मराठवाडा या दोन्हींच्या लकबी मिसळलेल्या आढळतात. ‘पाऊस येत आहे’ या प्रमाण मराठीतील वाक्याऐवजी या पट्ट्यात ‘पाऊस येऊन राह्यला’ किंवा ‘पाऊस येऊ राह्यला’ अशी वाक्यरचना होते. ‘राहणे’ या रोजच्या क्रियापदाच्या या वापराविषयी जे समज रूढ आहेत, ते बहुतांशी निराधार आहेत.

पहिला समज असा की ‘राह्यला’ हे भूतकाळाचे रूप असल्यामुळे ते वर्तमानकाळी वापरणे हा काळाचा घोटाळा आहे. रूप भूतकाळाचे आहे यात शंका नाही. परंतु येथे ते सहायक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाच्या अर्थाला काळाची किंवा अवस्थेची छटा देणारे क्रियापद, म्हणून येते आणि क्रिया चालू असल्याचे, म्हणजेच अपूर्ण वर्तमानकाळाचे, काम करते. चालू भूतकाळ सांगायचा झाल्यास बोलणारा ‘होता’ जोडून ‘करून राह्यला होता’ असे म्हणतो, त्यामुळे दोन काळांत गोंधळ होत नाही. मूळचा ‘वास्तव्य करणे’ हा अर्थ या जागी किती पुसला गेला आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘सध्या कुठं राहून राह्यला?’ या प्रश्नात मिळतो: पहिले ‘राहणे’ वास्तव्याचे आहे, तर दुसरे केवळ चालू स्थितीचे. एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ झिजून तो व्याकरणाचे साधन बनण्याच्या या प्रक्रियेला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. स्पॅनिश भाषेत चालू क्रिया दाखवणारे ‘एस्तार’ हे क्रियापद लॅटिनमधील ‘उभे राहणे’ या अर्थाच्या क्रियापदातूनच घडले आहे. 

दुसरा आणि अधिक प्रचलित समज म्हणजे ही रचना हिंदीची नक्कल आहे. हिंदीशी तिचे साम्य उघड आहे, आणि १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेल्यानंतर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी एकाच प्रांतात नांदल्या, हेही खरे. मात्र संपर्क होता एवढ्यावरून नक्कल सिद्ध होत नाही. हिंदीतील ‘कर रहा है’ या रचनेत केवळ धातू येतो आणि शेवटी ‘है’ लागते, तर वऱ्हाडीत ‘करून’ हे ऊनान्त धातुसाधित येते आणि ‘आहे’ची गरज भासत नाही. या धातुसाधिताचे ‘करूनि’ हे जुने रूप मराठीच्या आरंभीच्या ग्रंथांत आढळते, आणि त्यांपैकी तेराव्या शतकातील लीळाचरित्राचा संबंध अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी, म्हणजे वऱ्हाडाशीच, आहे. गुजरातीतही ‘करी रह्यो छे’ अशी रचना आहे. शिवाय ‘करू राह्यला’ हे भावंड-रूप हिंदी प्रदेशाला न लागलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व नाशिकच्या बाजूलाही ऐकू येते. त्यामुळे एका भाषेने दुसरीची वाक्ये उचलली असे मानण्यापेक्षा, शेजारच्या भाषांनी आपापल्या साधनांनी एकच गरज भागवली आणि संपर्काने त्या वळणाला बळ दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ही रचना नियमहीन आहे, हा तिसरा समज मात्र तपासाच्या पहिल्याच पायरीवर कोसळतो. मराठीत सकर्मक क्रियापद पूर्ण भूतकाळात आले की कर्त्याला ‘ने’ किंवा बोलीतील ‘नं’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘पोरानं भाकर खाल्ली’ असे वाक्य होते. परंतु ‘पोरगा भाकर खाऊन राह्यला’ या वाक्यात कर्ता प्रत्ययाविना उभा राहतो आणि क्रियापद भाकरीच्या स्त्रीलिंगाकडे न पाहता पोराच्या पुल्लिंगाशी जुळते, कारण ‘राहणे’ अकर्मक आहे आणि वाक्याची सूत्रे त्याच्याच हाती असतात. हा भेद वऱ्हाडी घरातील लहान मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच अचूक पाळते. त्या मुलाला ‘तुझे बोलणे अशुद्ध आहे’ असे सांगणे म्हणजे त्याने कमावलेल्या व्याकरणाचा अवमान करणे होय. प्रमाण लेखनासाठी ‘येत आहे’ शिकवणे आवश्यक असले, तरी त्यासाठी ‘येऊन राह्यला’ चुकीचे ठरवण्याची गरज नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडातही वऱ्हाडीची नोंद मराठीची बोली म्हणून झालेली आहे.

अर्थाच्या दृष्टीने या रचनेची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. ‘झोपून राह्यला’ या वाक्याचा अर्थ ‘झोपत आहे’ असाही होतो आणि प्रमाण मराठीप्रमाणे ‘झोपलेलाच राहिला’ असाही होतो, त्यामुळे निवड प्रसंगावरून करावी लागते. नकारात मात्र संदिग्धता उरत नाही, कारण ‘नाही’ हा शब्द दोन्ही क्रियापदांच्या मध्ये येतो आणि ‘च’ जोडला की ताणलेली प्रतीक्षा व्यक्त होते, जसे पेरणी खोळंबलेली असताना म्हटले जाणारे ‘पाऊस येऊनच नाही राह्यला’.