सामान्य विज्ञान : उत्तर आणि त्याची अट

स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासक्रमात ‘सामान्य विज्ञान’ या नावाने जो घटक येतो, त्याकडे पुष्कळ उमेदवार, विशेषतः कला वा वाणिज्य शाखेतून पदवी घेऊन आलेले, काहीशा धास्तीनेच पाहतात, आणि त्या धास्तीवर उतारा म्हणून बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांतील एकोळी प्रश्नोत्तरे रात्रीचा दिवस करून मुखोद्गत करतात. हे श्रम अगदीच वाया जातात असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या प्रश्नपत्रिकेत ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?’ अशा थाटाने चार विधाने पुढे ठेवलेली असतात आणि चुकीच्या उत्तरापोटी पदरचे गुणही वजा होतात, तेथे नुसत्या पाठांतराची मात्रा फारशी लागू पडत नाही. याचे कारण असे की, विज्ञानातील बहुतेक विधाने सशर्त असतात. सातबाऱ्याचा उतारा पाहताना जो केवळ खातेदाराचे नाव वाचून थांबतो आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजाकडे दुर्लक्ष करतो, त्याच्या व्यवहाराची जी गत होते, तीच उत्तर वाचून अट सोडून देणाऱ्या उमेदवाराची होते. प्रश्न काढणारा मात्र नेमकी ती अटच बदलतो. प्रस्तुत लेखात आपल्या घरातीलच काही दाखले घेऊन पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही शाखांत ही अट कोठे कोठे दडलेली असते, ते पाहण्याचा विचार आहे.

आधण आणि माठ

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, हे ज्याला ठाऊक नाही असा उमेदवार विरळा. मात्र त्या वाक्याच्या पोटात ‘समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब असताना’ हे जे कलम आहे, त्याचे स्मरण थोड्यांनाच असते. द्रवाच्या बाष्पाचा दाब भोवतालच्या दाबाशी बरोबरी करू लागला, म्हणजे द्रवाच्या अंतर्भागातही बाष्पाचे बुडबुडे धरू लागतात, आणि यालाच उकळणे म्हणावयाचे. सबब भोवतालचा दाब जितका कमी, तितकी उकळी लवकर. सुमारे 1,370 मीटर उंचीवरील महाबळेश्वरी पाण्याला 95 ते 96 अंशांच्या दरम्यानच उकळी फुटते, आणि एकदा ती फुटल्यावर विस्तव कितीही मोठा केला तरी तापमान पुढे चढत नसल्यामुळे, तेथे उघड्या पातेल्यातील डाळीला मुंबईपेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. उलटपक्षी, देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली वाफ कोंडून ठेवणारे जे भांडे सिद्ध केले, त्याच्याच वंशातील आजच्या कुकरमध्ये शिट्टीचे वजन आतील दाब वातावरणाच्या सुमारे दुपटीवर रोखून धरते, आणि त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपासही द्रवरूपातच राहते. डोंगरावर अन्न उशिरा का शिजते आणि कुकरमध्ये लवकर का शिजते, हे वरकरणी दोन प्रश्न असले, तरी त्यांचे उत्तर एकच आहे.

माठातील पाणी गार का होते, याचे ‘बाष्पीभवनामुळे’ हे उत्तर असेच सर्वांच्या जिभेवर असते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगावर येऊन उडून जाते आणि उडताना लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून ओढून घेते. या उष्णतेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण तापमानाला 1 ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते (100 अंशांना हाच आकडा 540 असतो, आणि परीक्षेत बहुधा तोच विचारतात). 10 लिटर पाण्याच्या माठातून 100 ग्रॅम पाणी असे उडून गेले, तर 58,000 कॅलरी खर्ची पडतात. बाहेरून उष्णता आत आलीच नाही असे धरले, तर एवढा खर्च राहिलेल्या पाण्याचे तापमान जवळजवळ 6 अंशांनी उतरवण्यास पुरेसा आहे. परंतु हे सर्व कोरड्या हवेत. वैशाखात नागपुरास ज्या माठाचे पाणी दाताला लागते, तोच माठ मुंबईस आणून ठेवला, तर समुद्रावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने पाझरलेले पाणी नुसते अंगावरून ओघळत राहते. वाळ्याचे पडदे आणि कूलर विदर्भात उपयोगी पडतात व कोकणात निरुपयोगी ठरतात, त्याचेही हेच कारण. पंख्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे : पंखा हवा थंड करीत नाही, तो अंगावरील घाम उडून जाण्यास साहाय्य करतो, रिकाम्या बंद खोलीत तो फिरत ठेवला, तर खोलीतील हवा किंचित तापतेच.

दिवाळीच्या रात्री दूरच्या फटाक्याचा उजेड आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो, यावरूनही एक उपयुक्त गणित साधते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लक्ष किलोमीटर असल्याने त्याचा वेळ हिशेबात धरण्याचे कारण नाही. उजेड आणि आवाज यांत 3 सेकंदांचे अंतर पडले, तर फटाका सुमारे 1 किलोमीटरवर वाजला. येथली अट तापमानाची : हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, नुसता दाब बदलल्याने, तापमान तेच असल्यास, तो बदलत नाही.

कल्हई, हळद आणि सोडा

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील, हे कोष्टक पाठ असते. पण पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले म्हणजे ते कळकते, हा अनुभव त्या कोष्टकाशेजारी मांडला जात नाही. अम्लाच्या आणि हवेतील ऑक्सिजनच्या संयुक्त क्रियेने तांब्याचे क्षार अन्नात उतरतात व ते अपायकारक असतात. यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाल्याचे काम ज्याने जवळून पाहिले, त्याला रसायनाचा एक उत्तम धडाच मिळाला. तो प्रथम भांडे घासून लख्ख करतो, भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर ते तापवतो, आणि मग त्यावर नवसागराची पूड टाकून फडक्याने फिरवतो, त्यासरशी पांढऱ्या धुराचा लोट उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात, पैकी दुसरा धातूवरील ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकतो, आणि दोघेही वर थंड हवेत पुन्हा एकत्र येऊन पांढऱ्या धुराचे रूप घेतात. यानंतर कथलाची कांडी टेकवली की ते तत्काळ वितळते, कारण कथील 232 अंशांनाच वितळते, तर तांब्याला त्याकरिता 1,085 अंश लागतात; आणि कापसाच्या बोळ्याने ते फिरवताच आतील अंग चांदीसारखे उजळते. कथील चिकटण्यास धातूचा पृष्ठभाग निर्भेळ असला पाहिजे, ही येथली अट, आणि तिची पूर्तता नवसागर करतो.

हळद हा प्रत्येक घरातील दर्शक पदार्थ होय. अम्लात आणि उदासीन द्रवात ती पिवळीच राहते, आम्लारीत तांबडी होते. म्हणून धोतरावरील हळदीचा डाग साबण लागताच लालसर दिसतो आणि लिंबू पिळल्यास पुन्हा पिवळा होतो. हळकुंडांपासून चुन्याच्या वा तत्सम आम्लारीच्या योगे कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. मात्र लिटमस जसा अम्ल आणि आम्लारी दोहोंत रंग पालटतो, तशी हळद पालटत नाही. सबब पदार्थ अम्ल आहे की उदासीन, हे केवळ हळदीवरून सांगता येत नाही.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. पहिला तापवला असता कर्बद्विप्राणिद, म्हणजेच आजच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड, आणि पाणी सुटून मागे दुसरा उरतो. ढोकळ्याच्या पिठात दही वा लिंबू पुरेसे नसेल, तर पदार्थाला जी साबणासारखी चव येते, ती या उरलेल्या कार्बोनेटची. अम्ल असेल, तर वायू भरपूर सुटून पदार्थ हलका होतो आणि चवही बिघडत नाही.

अभ्यंगस्नानाच्या दिवशी काही गावी साबणाला फेसच येत नाही, कारण तेथील विहिरीचे पाणी दुष्फेन असते. उकळल्याने पाणी सुफेन होते हे उत्तर, त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात असतील तरच खरे; बंबाच्या आतील अंगास धरणारे पांढरे किटण हा त्याचाच पुरावा. तीच मूलद्रव्ये सल्फेट वा क्लोराइडच्या रूपात असतील, तर उकळण्याचा उपयोग नाही. तेथे धुण्याचा सोडा घालावा लागतो.

विरजण, मटकी आणि रक्त

दूध विरजताना लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू दुधातील शर्करेचे लॅक्टिक अम्ल करतात आणि त्या अम्लामुळे केसीन हे प्रथिन साकळते. कढत दुधात विरजण लावले तर जीवाणू मरतात, आणि कडाक्याच्या थंडीत ते सुस्तावतात. कोमट दूध ही गृहिणीची अट म्हणजे जीवशास्त्राचीच अट होय.

जीवनसत्त्वांच्या अभावी होणारे रोग, जसे ‘अ’च्या अभावी रातांधळेपणा, ‘ब-1’च्या अभावी बेरीबेरी, ‘क’च्या अभावी स्कर्व्ही आणि ‘ड’च्या अभावी मुडदूस, हे कोष्टक पाठ करावेच; पण त्यासोबत हेही ध्यानात ठेवावे की अ, ड, ई आणि के ही मेदात विरघळतात, तर ब गट आणि क पाण्यात. यावरून गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी का सार्थ आहे, याचा उलगडा होतो : गाजरातील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास मेद लागतो. मटकीला मोड आले की तिच्यात ‘क’ जीवनसत्त्व वाढते. परंतु तीच मटकी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले, तर कमावलेले बरेचसे हातचे जाते.

अटीचे महत्त्व सर्वांत प्रखरपणे दिसते ते रक्तगटांत. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लावलेल्या शोधानुसार, तांबड्या पेशींवरील अ आणि ब या प्रतिजनांवरून गट ठरतात. ‘ओ’ गटात दोन्ही नसल्याने त्याला सर्वयोग्य दाता म्हणतात. यातील पहिली अट ऱ्हीससची : ऱ्हीसस-ऋण रुग्णाला ‘ओ’ धन रक्त चालत नाही. दुसरी अट अशी की हे विधान तांबड्या पेशींपुरते आहे. रक्तद्रव द्यावयाचा, तर सर्वयोग्य दाता ‘एबी’ गट ठरतो. आणि तिसरी अट आपल्या मुंबईने जगाला शिकवली. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले, जे नेहमीच्या तपासणीत ‘ओ’सारखे दिसे, पण कोणत्याही ‘ओ’ दात्याच्या पेशी त्यात घातल्या असता गुठळ्या होत. अ आणि ब हे प्रतिजन ज्या ‘एच’ नामक पायावर उभे राहतात, तो पाया ‘ओ’ गटात शाबूत असतो, या व्यक्तींत मात्र त्याचाच अभाव असतो. परिणामी त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्धही प्रतिपिंडे असतात. हाच जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जाणारा गट. अशा रुग्णाला त्याच गटाच्या दात्याचे रक्त लागते, आणि तेथे ‘ओ सर्वांना चालतो’ हे पाठांतर त्याच्या जिवावर बेतू शकते.

ही चर्चा वाचून उमेदवाराने एवढे करावे. सहावी ते दहावीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके आधी सावकाश, आकृत्यांसह व प्रयोगांसह वाचावीत, आणि मार्गदर्शक त्यानंतरच हाती घ्यावे. त्यातील प्रत्येक एकोळी उत्तरासमोर पेन्सिलीने ‘केव्हा?’ असा एक शब्द लिहावा, आणि ज्याचा जबाब देता येणार नाही, ते उत्तर अद्याप आपले झाले नाही असे समजून पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळावे. या रीतीने अभ्यासाला आरंभी वेळ अधिक लागेल, हे कबूल. पण पाठ केलेल्या शंभर उत्तरांपेक्षा अटीसह समजलेली दहा उत्तरे प्रश्नपत्रिकेत अधिक गुण देतात.