स्क्रू किती आवळावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता लिहावी, प्रवासवर्णन लिहावे, फार तर एखाद्या सामाजिक प्रश्नावर लेख लिहावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र रायफलवर दुर्बीण बसवताना स्क्रू किती आवळावेत, यावर लिहीत आहे. वाचकांना हसू येईल. परंतु या मूठभर स्क्रूंनी गेल्या वर्षी मला जे शिकवले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून आमच्याकडे नेमबाजीचे वेड वाढले. आमच्या जिमखान्यात स्प्रिंगची एक जुनी एअर रायफल आहे. तिच्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने दुर्बीण भेट दिली. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, तेथे बारीक छिद्रातून नेम धरतात. आमची दुर्बीण नवशिक्यांच्या सरावापुरती होती. "तुझे वडील फिटर आहेत ना? मग तूच बसव," सर म्हणाले. माझे वडील ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करतात, हे मी कॉलेजात फारसे कोणाला सांगत नसे. सरांनी चारचौघांत म्हटल्यावर माघार घेणे शक्य नव्हते.

दुर्बीण दोन कड्यांत बसते. प्रत्येक कडीचे खालचे अर्धुक रायफलच्या पाठीवरील पट्टीला पकडते आणि वरचे अर्धुक स्क्रूंनी खालच्यावर आवळले जाते. मी अॅलन की घेतली आणि अंगात होता तेवढा जोर लावून आधी एका बाजूचे स्क्रू पार पिळले, मग दुसऱ्या बाजूचे. शिवाय सुटू नयेत म्हणून आट्यांवर स्क्रू चिकटवण्याचे औषधही लावले. घट्ट म्हणजे चांगले, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी दहा मीटरवरून मारलेले छर्रे कागदभर पसरले. "श्वास रोखून धर," "चाप हळू दाब," असे सल्ले सर्वांनी दिले. मी तसे केले. चौथ्या दिवशी एक स्क्रू नुसताच फिरू लागला, त्याचे आटे गेले होते. कडी उघडून पाहतो तो दुर्बिणीच्या नळीवर कडीचा वळ उमटलेला! मी दुर्बीण कपाटात ठेवली आणि दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. भरपाई मागितली तर घरी काय सांगायचे, हाच विचार मनात होता.

अखेर रात्री जेवताना आबांना सांगितले. आबा चौथी शिकलेले. त्यांनी आयुष्यात रायफल हातात धरली नव्हती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही अंगच्या फटी सारख्या हुत्या का?" नव्हत्या. एका बाजूची फट पुरती मिटली होती आणि दुसरीकडची उघडी होती. आबा म्हणाले, "मग नळी पिळवटणारच की. स्क्रू हाय त्यो, बैलगाडीची दोरी न्हवं."

त्यांचे म्हणणे मी पुढे वाचून पडताळून पाहिले, ते असे. स्क्रू म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंगच होय. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पूर्ववत होण्याच्या ओढीने दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर भाग सरकतात. ताण मर्यादेबाहेर गेला तर स्क्रू कायमचा लांबतो किंवा आटे जातात, आणि मग तो काहीच धरत नाही. म्हणजे सैल स्क्रू आणि फाजील आवळलेला स्क्रू यांची गत शेवटी एकच.

आपल्या हाताला हा ताण समजत नाही, कारण आपण लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच ताणाच्या कामी येतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आटे तेलकट असले तर घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात ताण कितीतरी वाढतो. मी लावलेले औषध ओले असताना तेलासारखेच वागले. म्हणून कडीचे स्क्रू पुसून कोरडेच बसवावेत.

इतक्या बारकाईची गरज काय, असे कोणी विचारील. हिशेब सोपा आहे. दोन कड्यांत दहा सेंटिमीटर अंतर आहे आणि एका टोकाला दुर्बीण एक दशांश मिलिमीटर सरकली असे समजा. आपल्या हातातील अंकाच्या एका पानाची जाडी साधारण तेवढीच. तेवढ्याने दहा मीटरवर नेम एक सेंटिमीटर चुकतो आणि शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर! त्यातून स्प्रिंगची रायफल फार वाईट धक्का देते. आतला दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे येते आणि दट्ट्या थांबताच ती पुढे उसळते. अशा दुहेरी हिसक्याने कड्या पट्टीवर हळूहळू सरकतात.

येथे एका माणसाची आठवण होते. पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एकच माप सुचवले, आट्याचा कोन ५५ अंश. याच व्हिटवर्थ यांनी पुढे रायफलही बनवली. १८६० साली विम्बल्डन येथील नेमबाजीच्या सामन्यांचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने तीच रायफल झाडून केले. रायफल चौकटीवर पक्की बसवलेली होती आणि गोळी ४०० यार्डांवर मध्याच्या अगदी जवळ लागली. स्क्रूचे माप ठरवणाऱ्यानेच नेमकी रायफल करावी, हा मला योगायोग वाटत नाही.

पुढल्या रविवारी आबा प्रथमच कॉलेजात आले. मी सरांना सर्व खरे सांगितले. सर रागावले, पण "आता नीट बसव" एवढेच म्हणाले. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री केली. पट्टी, कड्या व स्क्रू पुसून कोरडे केले. गेलेल्या स्क्रूच्या जागी नवा आणला. कडी मागे सरकू नये म्हणून तिची खुंटी पट्टीवरील भोकात बसवली. समोर ओळंबा टांगून दुर्बिणीतील उभी रेघ त्याच्याशी जुळवली. मग ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो आणि दर फेरीला दोन्हीकडच्या फटी पाहिल्या.

शेवटचा जोर मापूनच द्यायचा होता. कडीच्या स्क्रूंना सुमारे १.७ ते २.२ न्यूटन-मीटर पुरतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला काटकोनात पावणेदोन ते सव्वादोन किलोची ओढ. आबांचा टॉर्क पाना सिलिंडर हेडच्या बोल्टांसाठीचा, त्याच्यावर एवढे बारीक माप नव्हते. मग विज्ञान शाखेतून ताणकाटा मागून आणला, अॅलन कीला बांधला आणि काटा पावणेदोन किलोवर येताच थांबलो. "एवढंच?" असे माझ्या तोंडून निघून गेले. आबा हसले.

त्या दिवशी सरांनी मारलेले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. नळीवरचा वळ मात्र अजून आहे, तो जाणार नाही.

सरांनी आबांना स्टाफरूममध्ये चहाला नेले. आबा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. एका प्राध्यापकांनी विचारले तेव्हा हेडचे बोल्ट मधून कडेकडे का आवळत जातात, ते त्यांनी टेबलावर बोटाने काढून दाखवले. तीन-चार प्राध्यापक वाकून पाहत होते. मी दारात उभा होतो. वडील काय करतात असे आता कोणी विचारले, तर मी सांगतो.