माणगावला उतरल्यावर

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने मे 2025 मध्ये संमती दिली. अट घातली ती ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवण्याची. नाव राखण्यात आपला हात कोण धरणार!

रायगडमधल्या आमच्या म्हसळ्यात ही बातमी वाचून जुनं सगळं वर आलं. आमच्या तालुक्यात रूळ कधी आलेच नाहीत. आमचं स्टेशन माणगाव, मध्ये घोणसे घाट.

तशी स्वप्नं आम्हाला नवी नव्हती. तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या गप्पा सुरू झाल्या. पुढची वर्षं गप्पांतच गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगावं असं दशक नव्वदचं. 1990 मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ निघालं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधु दंडवते, महामंडळाचे प्रमुख श्रीधरन ही नावं तेव्हा चहाच्या टपरीवरही आदराने घेतली जात. भागभांडवलात महाराष्ट्राने 22 टक्के वाटा घातला, बरेचसे पैसे रोख्यांतून उभे राहिले. जून 1993 मध्ये रोहा-वीर टप्पा सुरू झाला, म्हणजे माणगावला गाडी आली. नुसती ती बघायला इथून माणसं गेली. डोंगर फोडून, नद्या ओलांडून 1998 च्या जानेवारीत मार्ग पुरा झाला. त्या कामाला मी आजही नमस्कार करतो.

पण माणगावला उतरलेल्या माणसाचं पुढे काय, हे कोणत्या कागदावर होतं? स्टेशन एकीकडे, एसटी स्टँड दुसरीकडे. गाडी लेट, तोवर म्हसळ्याची एसटी सुटलेली. रात्री उतरलेला चाकरमानी बायको-पोरं, गणपतीचं सामान घेऊन मिनीडोअर रिक्षावाल्याच्या दयेवर. चालक अर्धा बाहेर, आत माणसं कोंबलेली, भाडं तो म्हणेल ते. त्या काळात एका बैठकीत आम्ही विचारलं होतं. रेल्वेच्या साहेबाने हा एसटीचा विषय असल्याचं सांगितलं, एसटीच्या साहेबाने फेरी तोट्यात जाते असं. दोघांनी चहा मात्र एकत्र घेतला. कोकणाला चाकरमान्यांनी पोसलं, आणि त्यांनाच घाटाखाली वाऱ्यावर सोडलं, हा राग माझा अजून गेलेला नाही.

आता नकाशे आणखी मोठे झालेत. आमच्या शेजारचं दिघी बंदर 2021 मध्ये अदानींकडे गेलं. रोहा-दिघी रेल्वेमार्गाची चर्चा कित्येक वर्षांची. ऑगस्ट 2024 मध्ये दिघी औद्योगिक क्षेत्राला केंद्राची मंजुरी मिळाली, एकर सहा हजारांवर. रेवस-रेडीच्या खाडीपुलांचे आकडे पुन्हा पेपरात. या सगळ्यांत कंटेनरची सोय आहे. म्हसळ्याहून माणगावच्या दवाखान्यात जाणाऱ्या आजीची कुठे आहे, ते दाखवा. हातचं होतं तेही गेलं: रत्नागिरीहून थेट दादरला जाणारी पॅसेंजर करोनानंतर दिव्यालाच थांबवली, आणि एसटीचं भाडं 2025 च्या जानेवारीत 14.95 टक्क्यांनी वाढलं.

विलीनीकरणात महाराष्ट्राला भागभांडवलाचे 396 कोटींच्या आसपास परत मिळायचे आहेत. त्यातून सागरी पूल नकोत. माणगाव स्टेशनच्या दारात म्हसळ्याच्या दोन एसट्या उभ्या करा, गाडी लेट झाली तरी थांबणाऱ्या.