व्यावसायिक समुपदेशन : स्वरूप, मर्यादा आणि अपेक्षा
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ठाणे येथे १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे मुंबई-ठाणे परिसराच्या बोलीत ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रयोग थट्टेचा, आणि प्रसंगी धाकाचाही, म्हणून रूढ झाला. शहापूर व मुरबाड हे याच जिल्ह्यातील, मोठी आदिवासी वस्ती असलेले दोन ग्रामीण तालुके होत. येथील महाविद्यालयात एखाद्या अध्यापकाने विद्यार्थ्यास ‘तू समुपदेशकाकडे जा’ असे सुचविले, तर ‘सरांनी आपल्याला वेड्यात काढले’ असाच त्याचा अर्थ विद्यार्थ्याने घेण्याचा संभव असतो.

समुपदेशनाविषयी अध्यापकवर्गात आता पुरेशी अनुकूलता आहे. तथापि समुपदेशकाच्या खोलीत प्रत्यक्षात काय घडते, किती काळ घडते व काय घडत नाही, याची कल्पना विद्यार्थ्यास आधी दिली जातेच असे नाही. चुकीची अपेक्षा घेऊन गेलेला विद्यार्थी पहिल्या भेटीनंतर परत जात नाही. टोकावडे किंवा किन्हवली परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या एका भेटीसाठी एक दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे खर्ची पडलेले असते. दुसरी संधी सहसा मिळत नाही. म्हणून समुपदेशनाकडून काय अपेक्षावे हे अध्यापकाने स्वतः समजून घेणे व विद्यार्थ्यास प्रामाणिकपणे सांगणे हाच समुपदेशनाचा पहिला टप्पा मानला पाहिजे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

संज्ञा आणि गैरसमज

महाविद्यालयीन व्यवहारात ‘समुपदेशन’ हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो. प्रवेशाच्या वेळी अभ्यासक्रमाची निवड सुचविणे हा पहिला अर्थ. कौटुंबिक वादात दोन्ही बाजूंची समजूत घालून तडजोड घडविणे हा दुसरा. व्यक्तीच्या मानसिक क्लेशांवर प्रशिक्षित व्यक्तीने संवादाच्या मार्गाने, ठरावीक पद्धतीने केलेले साहाय्य हा तिसरा अर्थ असून प्रस्तुत विवेचन त्याच्याशी संबंधित आहे.

या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला असल्याने आणखी एक गैरसमज निर्माण होतो. समुपदेशक चार हिताच्या गोष्टी सांगेल, रागावेल, मोबाईल कमी वापरण्यास सांगेल, अशी विद्यार्थ्याची व पुष्कळदा पालकांचीही समजूत असते. वस्तुतः आधुनिक समुपदेशनाची घडण उपदेशाला बाजूला सारूनच झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात व्यक्तिकेंद्रित विचार मांडला. समुपदेशकाचा निखळपणा, बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती यांमुळे व्यक्तीत बदल घडू शकतो, हे त्याचे सूत्र. १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली. घटनेइतकाच, किंबहुना अधिक, त्रास त्या घटनेविषयीच्या आपल्या दुराग्रही समजुतींमुळे होतो, असे ती मानते. महाराष्ट्रात या पद्धतीचा प्रसार डॉ. कि. मो. फडके यांनी केला. या दोन्ही पद्धती भिन्न असल्या तरी व्यक्तीने आपला मार्ग स्वतः शोधावा व समुपदेशकाने त्या शोधात सोबत करावी, ही भूमिका दोहोंत समान आहे.

पहिल्या भेटीत काय घडते?

पहिली भेट साधारणतः पाऊण ते एक तासाची असते. समुपदेशक स्वतःची ओळख, कामाची पद्धत, शुल्क असल्यास ते, आणि गोपनीयतेचे नियम प्रथम सांगतो. त्यानंतर विद्यार्थ्यास काय सांगावयाचे आहे ते ऐकले जाते. झोप, भूक, अभ्यास, घरची परिस्थिती, मित्रपरिवार व व्यसन यांविषयी प्रश्न विचारले जातात.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट भाषेची. ग्रामीण विद्यार्थी ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘डोके जड होते’, ‘छातीत धडधडते’, ‘कशात जीव लागत नाही’ अशा शारीरिक भाषेत तो आपला क्लेश सांगतो. हे सांगणे अपुरे नाही. हीच त्याची भाषा आहे, आणि कुशल समुपदेशक तेथूनच आरंभ करतो. कातकरी किंवा ठाकूर समाजातील विद्यार्थ्यास प्रमाण मराठीत बोलता आलेच पाहिजे असेही नाही, हे त्यास आधी सांगितल्यास पुष्कळ दडपण कमी होते.

दुसरी गोष्ट अशी की, जीव देण्याचे विचार मनात येतात काय, हे समुपदेशक थेट विचारू शकतो. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत निराधार आहे. उलट मोकळेपणाने विचारल्यामुळे बोलण्याची वाट खुली होते. विद्यार्थ्यास एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसल्यास तसे सांगण्याचा अधिकार आहे. काही वेळ गप्प बसण्याचाही आहे.

पहिल्या भेटीतून निवाडा अथवा तोडगा मिळत नाही. दडपलेले बोलून झाल्यावर एखाद-दोन दिवस मन अधिक जड वाटणेही संभवते. ही पूर्वकल्पना नसेल तर ‘जाऊन उलट त्रासच वाढला’ असा निष्कर्ष काढला जातो.

किती भेटी आणि किती गुण?

एका भेटीत प्रश्न सुटेल ही अपेक्षा जशी चुकीची, तसे समुपदेशन वर्षानुवर्षे चालते हेही सर्वांशी खरे नाही. या संदर्भात शेजारच्या गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास उद्बोधक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढ रुग्णांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा संक्षिप्त उपचार दिला. तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ सुधारित नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्याचे आढळले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. मोजक्या भेटींतही लक्षणीय लाभ होतो. परंतु सुमारे एकतृतीयांश व्यक्तींना तेवढ्या काळात पुरेसा गुण येत नाही. त्यांना पुढील उपचार लागतात. ‘बहुतेकांना उपयोग होतो, काहींना अधिक मदत लागते’ एवढेच अध्यापकाने सांगावे. हमी देऊ नये.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

लहान गावात एकाची गोष्ट संध्याकाळपर्यंत सर्वांची होते. त्यामुळे ‘मी बोललेले घरी कळेल का? सरांना कळेल का?’ ही विद्यार्थ्याची शंका रास्त आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस आपल्या आजाराविषयी व उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क आहे. व्यावसायिक नीतीनुसार समुपदेशकही हे बंधन पाळतो. ज्या अध्यापकाने विद्यार्थ्यास पाठविले, त्यालाही संभाषणाचा तपशील कळविला जात नाही.

मात्र ही गोपनीयता निरपवाद नसते. स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या जीवास धोका असल्यास संबंधितांना कळविणे आवश्यक ठरते. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल, जसे कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा असते, आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हे बंधन अध्यापकासही लागू होते. म्हणून ‘कोणालाही काहीही सांगणार नाही’ असे सरसकट वचन कोणीही देऊ नये.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या विद्यार्थ्यास पोलीस कारवाईचे भय घातले जाते. २०१७ च्या अधिनियमाचे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते व तिच्या शुश्रूषेची जबाबदारी शासनावर टाकते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ ची सर्वसाधारण तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेली नाही. अशा विद्यार्थ्यास धाक नव्हे, उपचार मिळावयास हवेत.

योग्य व्यक्तीची निवड

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून तोच औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा सामान्यतः मानसशास्त्र किंवा समाजकार्य विषयातील पदव्युत्तर शिक्षण व समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेला असतो. तो औषधे देत नाही. ‘तुमचे शिक्षण कोणते, प्रशिक्षण कोठे झाले’ हे विचारणे उद्धटपणाचे नाही. खात्रीने बरे करण्याची हमी देणारा, औषधे परस्पर बंद करावयास सांगणारा किंवा स्वतःची धार्मिक अथवा राजकीय मते लादणारा समुपदेशक टाळणे श्रेयस्कर.

परिसरातील वास्तव

शहापूर तालुक्यास आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी मध्य रेल्वेची स्थानके लाभली आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याण गाठावे लागते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था ठाणे शहरात आहे. तेथे पोहोचून परतणे म्हणजे दिवस मोडणे होय. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबातील विद्यार्थ्याच्या भेटींत तर कित्येक महिन्यांचा खंड पडू शकतो.

या अडचणीवर केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा अंशतः उपाय ठरते. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य, अहोरात्र व मराठीतही उपलब्ध आहे. परंतु एका खोलीच्या घरात, सर्वांच्या देखत असा दूरध्वनी करणार कसा? महाविद्यालयाने आठवड्यातून काही तास एक बंद खोली व दूरध्वनी उपलब्ध करून दिल्यास अल्प खर्चात ही अडचण दूर होईल.

सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावयास हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध प्रस्थापित करावयाचा आहे. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देणेही त्यात अपेक्षित आहे. केवळ समितीच्या कागदोपत्री नोंदीने ही अपेक्षा पूर्ण होत नाही.

अध्यापकाची भूमिका

१. विद्यार्थ्याशी एकांतात बोलावे व जे प्रत्यक्ष दिसले तेच सांगावे. ‘गेले काही आठवडे तू तासाला असतोस, पण लक्ष नसते, काही जड झाले आहे का?’ असे विचारणे पुरेसे होते.

२. समुपदेशन ही शिक्षा म्हणून देऊ नये. शिस्तभंगाच्या प्रकरणात ‘समुपदेशनास पाठविले’ असा शेरा मारल्यास इतर विद्यार्थी त्या खोलीकडे फिरकत नाहीत.

३. भेटीहून परतल्यावर ‘काय बोलणे झाले?’ असे विचारू नये. ‘पुन्हा जाण्यास काही अडचण आहे का?’ एवढेच विचारावे.

४. त्या दिवसाची अनुपस्थिती माफ करावी व रजेच्या अर्जात कारण लिहिण्याची सक्ती करू नये.

५. घरच्यांनी भगताकडे नेले म्हणून विद्यार्थ्याची वा पालकांची अवहेलना करू नये. त्यामुळे उपचाराचा दुसरा मार्गही बंद होतो. दोहोंपैकी एकाची निवड करावयास न लावता, समुपदेशन सुरू राहील एवढे पाहावे.

६. समुपदेशनाने जे होणार नाही त्याची जबाबदारी समुपदेशकावर ढकलू नये. रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातील गैरसोय, जातीवरून झालेला अपमान हे मनाचे विकार नव्हेत. त्यांचे निवारण संस्थेने करावयाचे आहे. रास्त तक्रार शांत करण्यासाठी समुपदेशनाचा वापर होऊ लागला, तर विद्यार्थ्यांचा त्यावरील विश्वास कायमचा उडेल.

समारोप

व्यावसायिक समुपदेशन हा चमत्कार नाही, उपदेश नाही आणि वेडाचा शिक्का तर नाहीच. ते ठरावीक वेळी, ठरावीक नियमांनी, प्रशिक्षित व्यक्तीशी होणारे बोलणे आहे. त्याचा लाभ बहुतेकांना होतो, परंतु त्यास काही आठवडे लागतात. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यासाठी तज्ज्ञ दूर असला तरी अध्यापक जवळ असतो. अध्यापकाने समुपदेशक होण्याची आवश्यकता नाही. तेथे काय होईल व काय होणार नाही, हे खरेपणाने सांगून विद्यार्थ्यास दुसऱ्या भेटीपर्यंत पोहोचविणे एवढे कार्य त्याच्या हाती आहे. तेवढे साधले तरी ‘ठाण्याला पाठवणे’ या शब्दांतील भय ओसरण्यास प्रारंभ होईल.