बुद्धीचे डाव आणि जामिनाची सही

‘काकू, यानंतर काय पाहावे?’ शेजारच्या बिऱ्हाडातील महाविद्यालयीन युवकाने विचारले आणि मी क्षणभर चपापलो. बंगालीत काकांना ‘काकू’ म्हणतात, याची माझ्या मराठी कानांना कोलकात्यात तीन वर्षे काढूनही सवय झालेली नाही. त्याने ‘डेथ नोट’ (२००६-०७) या जपानी चित्रमालिकेचे ३७ भाग नुकतेच संपवले होते. वहीत नाव लिहून माणसे मारणारा लाइट आणि त्याचा माग काढणारा एल यांच्या बौद्धिक द्वंद्वाने तो भारावला होता.

वास्तविक हे शहर असल्या डावांचे माहेरघर. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश ‘सत्यान्वेषी’ कथेत नाव बदलून गुन्हेगाराच्याच छपराखाली मुक्काम करतो. सत्यजित राय यांचा फेलूदा तर आपल्या बुद्धीला ‘मगजास्त्र’ म्हणतो. ती पुस्तके त्याच्या घरी होतीच.

मी प्रथम ‘मॉन्स्टर’ (२००४-०५) सुचवली. शल्यविशारद तेन्मा ज्या बालकाचे प्राण वाचवतो, तोच पुढे खुनी निघतो. भाग ७४, गती संथ. धीर असेल त्यानेच हाती घ्यावी.

परंतु माझा खरा आग्रह ‘काइजी’चा (२००७-०८, २६ भाग). नोबुयुकी फुकुमोतो यांच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. नायक सहकाऱ्याच्या ३ लाख येनच्या कर्जाला जामीन राहतो आणि सहकारी परागंदा होतो. दरमहा २० टक्के चक्रवाढ व्याजाने १४ महिन्यांत ती रक्कम साडेअडतीस लाखांवर जाते. सवयीने मी आकडेमोड पडताळली, बिनचूक आहे! पुढे अशा ऋणकोंना एका जहाजावर नेऊन दगड-कागद-कात्रीचा खेळ खेळवतात. प्रत्येकाला १२ पत्ते; वापरलेला पत्ता बाद. त्यामुळे नशिबाचा वाटणारा खेळ हिशेबाचा होतो, आणि कोणाच्या शब्दावर विसंबावे हा प्रश्न उरतोच.

पहिला भाग मी रात्री एकट्याने पाहिला. माझ्या वडिलांनीही एका स्नेह्यासाठी अशीच सही केली होती. त्याचे हप्ते आमच्या घरातून सात वर्षे गेले. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या.

हे त्या युवकाला सांगितले, तेव्हा त्याने मालिकेविषयी काही न विचारता एवढेच विचारले, ‘तो स्नेही पुन्हा भेटला?’

भेटला होता, माझ्या बहिणीच्या लग्नात. पंगतीत वडिलांनीच त्याला आग्रहाने जिलबी वाढली.