जुना खडा पुन्हा कापावा का?

आजच्या भागाचा विषय जरा चमकदार आहे. जुन्या दागिन्यातला खडा काढून हाताने घडवलेल्या नव्या दागिन्यात बसवायचाय, तर त्याला पुन्हा पैलू पाडून घ्यावेत का? ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी सगळे मुद्दे खाली.

आधी खडा निस्तेज का दिसतो ते बघू. रंगीत खडे वजनावर विकले जातात. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यामुळे कापणारा जमेल तेवढं वजन वाचवतो, आणि त्या नादात खड्याचा खालचा निमुळता भाग कधी फार उथळ, तर कधी उगाच फुगीर राहतो.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आदळून परत आपल्या डोळ्यांकडे यायला हवा. त्यासाठी त्या पैलूंचा उतार क्रिटिकल अँगलपेक्षा जास्त लागतो. हा कोन अ‍ॅमेथिस्टसाठी साधारण ४०.५ अंश, तर नीलम आणि माणकासाठी साधारण ३४.५ अंश आहे. उतार याहून कमी असला की प्रकाश खालून निसटतो आणि खडा मधोमध काचेसारखा फिका दिसतो. कापणारे याला ‘विंडो’ म्हणतात. घरी तपासायचं असेल तर सुटा खडा छापील कागदावर ठेवा आणि सरळ वरून बघा. मध्यभागी अक्षरं वाचता आली, तर विंडो आहे.

यावर उपाय म्हणजे रीकट. खडा एका छोट्या दांडीवर मेणाने किंवा गोंदाने चिकटवतात, कोन पक्का करतात आणि फिरत्या चकतीवर एकेक पैलू घासून पॉलिश करतात.

पण याची किंमत वजनात मोजावी लागते. १० मिलिमीटरचा खडा सगळ्या बाजूंनी त्याच प्रमाणात लहान करून ९ मिलिमीटरचा केला, तर तो डोळ्यांना थोडाच लहान वाटतो. वजन मात्र ०.९ चा घन, म्हणजे ०.७२९ पट उरतं. सरळ २७ टक्के गेले! कोहिनूरचंही असंच झालं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांना फिका वाटला, म्हणून १८५२ मध्ये पुन्हा कापला. सुमारे १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. चमक वाढली, पण त्याचं जुनं भारतीय रूप कायमचं गेलं.

इथेच हाताने घडवलेल्या दागिन्याचा फायदा होतो. कारखान्यातली तयार कोंदणं ठरावीक मापाची असतात, त्यामुळे खडा त्या मापात आणावा लागतो. आपला सोनार मात्र खड्याच्या मापाने कोंदण घडवतो. मग बाहेरचा आकार कशाला घासायचा? खडा उथळ नसेल, तर कापणाऱ्याला विचारा, “घेर तसाच ठेवून फक्त खालचे पैलू सुधारता येतील का?” आणि नुसते ओरखडे असतील, तर वरचं पॉलिश पुरतं.

काही खड्यांना मात्र शक्यतो हात लावू नये. काही नीलमांत रंग फक्त तळाच्या टोकाशी असतो आणि कापणाऱ्याने तो मुद्दाम तिथे ठेवलेला असतो. ते टोक घासलं तर अख्खा खडा फिका पडू शकतो. काही खड्यांना फक्त पृष्ठभागापुरता रंग दिलेला असतो, तोही घासताना निघून जातो. भेगांत काच भरलेलं माणिक आणि तेल मुरवलेला पाचू उष्णतेने बिघडू शकतात. पत्रिका बघून ठरावीक रत्तीचा खडा घेतला असेल, तर घरच्यांना आधी विचारा.

म्हणून काम देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: आत्ताचं वजन, कापल्यावर अंदाजे किती उरेल, नवं माप किती मिलिमीटर आणि खड्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे. दोन-तीन फोटोही काढून ठेवा. आणि कोंदण घडवायला द्यायचं ते खडा कापून हातात आल्यावरच, कारण कापताना माप थोडं बदलू शकतं.

घासलेला खडा पुन्हा वाढत नाही. त्यामुळे शंका असेल, तर आहे तसाच बसवा. आजीचा खडा थोडा फिका दिसला तरी तो आजीचाच राहतो. भेटू पुढच्या भागात!