बेटकुळी, स्नायू आणि लाखोळी

बालाघाटात मराठी शिकवणाऱ्याला हिंदी शब्दांशी रोजची देवाणघेवाण करावी लागते. बहुतेक वेळा तिने काही बिघडत नाही. एकदा मात्र एका शब्दाने पुरता घोटाळा केला, ते प्रकरण इथे मांडतो.

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने तिवड्याच्या डाळीवरचे हिंदी टिपण मराठीत करून आणले. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, भंडारा-गोंदियाकडे, याच डाळीला लाखोळी म्हणतात. धान शेतात उभे असतानाच ओलीवर बी फेकायचे. वेगळी नांगरट नको, पाणी नको. इतर पिके बुडाली तरी हे तगते. टिपणात म्हटले होते की ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर ‘स्नायु’ निकामी होतात. विद्यार्थिनीने ‘स्नायू’ तसाच ठेवला, फक्त ऱ्हस्व उकार दीर्घ केला. शुद्धलेखन अचूक, विधान चूक.

बोलीतल्या हिंदीत स्नायु म्हणजे मज्जातंतू. शाळेच्या हिंदी पुस्तकात तो हाडाला हाड बांधणारा बंध असतो. मराठीत स्नायू म्हणजे आकसणारे मांस. सुश्रुतसंहितेत 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले आहेत; तिथली पेशी मांसाची आहे, आणि हिंदीची ‘मांसपेशी’ त्या अर्थाशी इमानी राहिली. मराठीने ‘पेशी’ हा शब्द हिंदीच्या ‘कोशिके’साठी घेतला आणि मांसाला ‘स्नायू’ म्हटले. (हिंदीत ‘पेशी’ कोर्टातही असते, ते आणखी निराळे.) दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत. भाषांतरकाराने मात्र सीमा ओलांडताना थांबून पाहायला हवे.

नेमके काय बिघडले, हे समजायला स्नायूचे काम पाहावे लागते. लहान मूल हात वाकवून दंडाची बेटकुळी दाखवते, त्यात बरेचसे येते. लॅटिनमध्ये त्याच फुगवट्याला छोटा उंदीर म्हटले आणि इंग्रजीतला ‘मसल’ तिथून आला. आपल्या लोकांना बेडूक दिसला. या बेटकुळीच्या आत जाड आणि बारीक अशा दोन जातींचे सूक्ष्म धागे असतात, मायोसिनचे आणि ॲक्टिनचे. मज्जातंतूचा हुकूम आला की स्नायूच्या तंतूत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात. ही कल्पना 1954 साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र निबंधांनी मांडली. एकात ॲण्ड्र्यू हक्स्ली होते, दुसऱ्यात ह्यू हक्स्ली. आडनाव एक, नाते काही नाही. धरलेले सोडायलाही एटीपी नावाचे इंधन लागते. ते तयार होणे थांबते म्हणून मृत्यूनंतर देह ताठतो.

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने बसवलेले आहेत: पुढचा ओढतो तेव्हा मागच्याने सैल व्हायचे. किती ओढायचे, कधी सैल सोडायचे, हा तोल मेंदू आणि मज्जारज्जू सांभाळतात. स्नायू मिळेल त्या कामाप्रमाणे स्वतःला घडवतो. ओझे उचलणाऱ्याचे तंतू जाड होतात. पाय प्लास्टरमध्ये राहिला तर महिनाभरात मांडी उतरते. एखादा स्नायू आखडलेल्या स्थितीतच ठेवला, तर तो खरोखरच आखूड होतो.

लाखोळीत ओडॅप नावाचे अमिनो आम्ल असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी 1964 मध्ये ते वेगळे करून दाखवले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवायला जे ग्लुटामेट वापरतात, त्याच्यासारखेच हे दिसते, आणि या पेशींना नको तितके चेतवून मारते. पायांना हुकूम नेणारा मेंदूकडचा मार्ग यात बिघडतो. पोटरीचा स्नायू मुळात धडधाकट असतो. त्याला सैल सोड म्हणणारे कोणी उरत नाही. टाच उचलली जाते, माणूस चवड्यांवर चालतो, गुडघे एकमेकांवर येतात. आधी एक काठी लागते, मग दोन, शेवटी हातांवर सरकत जावे लागते. पायांची जाणीव शाबूत, बुद्धी शाबूत. गेलेली चाल सहसा परत येत नाही.

आपल्याच राज्यातल्या सागर भागात हे घडल्याचे कर्नल स्लीमन यांनी 1844च्या ग्रंथात नोंदवले आहे. 1829ला गारपीट, 1830ला अवर्षण, 1831ला तांबेरा. गहू तिन्ही वर्षे गेला, तिवडा राहिला, लोक तोच खाऊन जगले, आणि तरणीताठी माणसे कमरेखाली अधू झाली. एरवी भाताबरोबर वाटीभर डाळ किंवा लाखोळीची कोवळी भाजी खाणाऱ्यांच्या वाट्याला हे क्वचितच येते. 1961 साली केंद्राने विक्रीवर बंदी घातली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाणही आले. माझ्या मते विषाइतकाच दोष रिकाम्या ताटाचा होता.

आता ते टिपण. ‘डाळ स्नायू निकामी करते’ असे वाचणारा पाय चोळील, कसरत करील, दूध-अंडी शोधील. डाळ मात्र तशीच चालू ठेवील. विद्यार्थिनीने ‘मज्जातंतू’ असे लिहून सुधारणा केली आणि घरी आईला वाचून दाखवले. आईने विचारले, मग तेल चोळून काहीच उपयोग नाही का? हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. माहितगारांना विचारून तिने टिपणात दोन वाक्ये वाढवली: रोज पोटरी ताणत राहिल्याने ती आखूड होणे लांबवता येते, पण त्याआधी लाखोळी थांबवून ताटात दुसरी डाळ यायला हवी.